वेळेआधी आलेली जमीन

१

त्या दिवशी जमीन वेळेच्या आधी आली.

हे वाक्य माझं नाही, वैमानिक कॅप्टन राजाध्यक्षांचं आहे. पण मी ते मनाशी इतक्यांदा म्हटलंय की आता अर्धं माझंच झालं आहे. मी कोकिळा, नववीत शिकते, आणि आमच्या शिवारात विमान आपटलं त्याचा उलगडा मी केला. असं आपणच आपल्याबद्दल सांगू नये म्हणतात. पण मग सांगायचं कोणी? माझी मैत्रीण चांगुणा सांगेल, पण ती मधेमधे स्वतःचंच नाव घालेल.

संक्रांत होऊन गेली होती. आमच्या गावाला, पिंपळगाव राजाला, डोळ्यांच्या ऑपरेशनचं मोठं शिबिर भरणार होतं आणि मुंबईचे डॉक्टर चक्क विमानानं येणार होते. महाराष्ट्र राज्य होऊन धड दोन वर्षं झाली नव्हती. आमच्याकडे खामगावची मोटार वेळेवर आली तरी लोक उठून बघायचे, आणि इथं विमान! गावाबाहेरच्या गायरानात सरकारी ओव्हरसियरनं एक लांब पट्टी आखून दिली. गवत तेच, माती तीच. पट्टी कुठून कुठवर आहे ते वरून दिसावं म्हणून दोन्ही कडांना दगडांच्या रांगा मांडल्या आणि कारभारी कोतवालानं ते दगड चुन्यानं पांढरेफेक केले. ओव्हरसियर बुलढाण्याला निघून गेला. मग कॅप्टनसाहेब एकदा एकटेच विमान घेऊन आले, उतरले, पट्टी बघितली आणि गेले. तेव्हा ते विमान असं टेकलं होतं, जसं झोपलेल्या बाळावर कोणी दुपटं टाकावं.

त्यानंतर आठवड्यानं तो दिवस आला.

सकाळचं धुकं विरून गेलं होतं आणि उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. सारं गाव गायरानाच्या चढावर बसलं होतं. वारा कळावा म्हणून कारभारीनं काडीकचरा पेटवला होता; धूर दोरीसारखा सरळ वर चालला होता. आणि विमान आलं. पोटाशी चंदेरी, पंखांवर ऊन. मी श्वास घ्यायचीच विसरले. आता हे हळू होईल, नाक उचलेल, तरंगेल आणि टेकेल, असं मी डोळ्यांसमोर आधीच बघून ठेवलं होतं.

ते तरंगलंच नाही. होतं तसंच खाली आलं आणि धाडकन आपटलं. एका बाजूचा पाय मोडला, पंख मातीत घासला, विमान स्वतःभोवती गर्रकन फिरलं आणि धुळीत दिसेनासं झालं.

"इमान पडलं बापा!" कोणीतरी ओरडलं आणि आम्ही सगळे धावलो.

कोणी मेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टर पानवलकरबाईंचा डावा हात मोडला, कॅप्टनसाहेबांचा घोटा फुगला आणि कपाळाला खोक पडली, बाकीच्यांना खरचटलं. पण विमानाचं दार उघडलं तसा आतून भपकन वास आला, आणि माझ्या मागं कोणीतरी हलकेच म्हणालं, "पेलेला हाय बे हा डायवर."

२

माझे बाबा, नारायणराव, गावचे सरपंच. म्हणून कॅप्टनसाहेबांची खाट आमच्या ओसरीवर पडली. परवा मुंबईहून चौकशीचे साहेब येणार होते. गावात तोवर एकच विषय: डायवर पेलेला होता.

वासाचा उलगडा मी चहा गार व्हायच्या आत केला. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, तुमच्या पेटीत काय काय फुटलं?"

"स्पिरिटच्या सगळ्या बाटल्या," त्या म्हणाल्या आणि मग माझ्याकडे नीट बघून हसल्या. "अगं हुशार आहेस की!"

मी धावत ओसरीवर गेले. "कॅप्टनसाहेब, तुम्ही सुटले! तो वास स्पिरिटचा होता."

ते आढ्याकडे बघत होते. पुण्याचे, पंचेचाळिशी ओलांडलेले, कानशिलाशी पांढरे झालेले, आणि आवाज असा की जणू लांबून कुठून तरी बोलताहेत.

"मी शुद्धीत होतो, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "तेच वाईट आहे. शुद्धीत असूनही चुकलो."

"पण चुकलं काय?"

त्यांनी हाताचा पंजा विमानासारखा आडवा धरला आणि हळूहळू पांघरुणाकडे आणला. "असं खाली यायचं. जमिनीच्या अगदी जवळ आलं की नाक उचलायचं, मग ते आपोआप टेकतं. तो क्षण डोळेच सांगतात. पट्टी समोर स्वच्छ दिसत होती. मला वाटत होतं, अजून उंच आहोत, अजून वेळ आहे. मी वाट बघत होतो. आणि जमीन वेळेच्या आधी आली." त्यांचा पंजा पांघरुणावर पडला. "माझ्या डोळ्यांनी दगा दिला, पोरी. परवा साहेबांच्या हातात परवाना ठेवून देणार. आता उडणं बंद."

"मग तुम्ही काय करान?"

"काय माहीत. मला दुसरं काही येत नाही."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की आता मी बोलणार नाही, कधीच. मी आयुष्यात पहिल्यांदाच उडणारा माणूस जवळून बघत होते, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत उडणं सोडत होता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी, हात गळ्यात बांधलेला असतानाच, शाळेच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि कॅप्टनसाहेबांचे डोळे तपासले. सगळ्यांत खालची बारीक ओळसुद्धा त्यांनी घडाघडा वाचली.

"कॅप्टन, तुमचे डोळे विशीतल्या मुलासारखे आहेत," बाई म्हणाल्या.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण कॅप्टनसाहेबांचा चेहरा उलट उतरला.

"म्हणजे डोळे गेले नाहीत," ते पुटपुटले. "डोकं गेलं."

३

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टीच होती, कारण शाळेत शिबिर. मी चांगुणाला घेतलं आणि गायरानात गेले. मोडक्या विमानापाशी कारभारी कोतवाल काठी घेऊन बसला होता.

"कारभारीमामा, काल वारा होता का?"

"धूर पाह्यला नाई का तुवा? सरळ देवाघरी चालला होता."

"मग पट्टीत म्हैस घुसली असन. खड्डा असन."

"म्हैस येईन त माह्या काठीखालून येईन," कारभारी तिरमिरला. "पह्यल्या खेपेले उतरलं तीच जागा, तेच गवत. मी रोज इथं बसून राह्यलो ना!"

"रोज?" चांगुणानं विचारलं. "बाजाराच्या दिवशीबी?"

"बाजाराच्या दिवशी कोण राह्यते वं गावात? सारं गाव बाजारात, मी कायले इथं एकटा बसू?"

विमान पहिल्यांदा उतरलं त्यानंतर आणि दुसऱ्या खेपेला आपटलं त्याआधी, मधे एक बाजाराचा दिवस होता. मी हे मनात ठेवून दिलं आणि पट्टीच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. दोन्हीकडच्या पांढऱ्या रांगा लांब जात जात, जवळ येत येत, पार तिकडे ज्वारीच्या कडेला एकमेकींना भेटल्यासारख्या दिसत होत्या. आमचा खामगावचा रस्ताही असाच दिसतो. पायाशी गाडीएवढा, आणि क्षितिजाशी रिबिनीएवढा.

रिबिनीएवढा, कारण लांब असतो.

हे मनात आलं आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कॅप्टनसाहेबांना पट्टी दूर वाटली. उंच आहोत असं वाटलं. म्हणजे त्यांना ती अरुंद दिसली. पण पहिल्या खेपेला तीच पट्टी...

"कोकिळे, हे पाह्य वं," चांगुणा गवतात वाकली होती. "चांदोबा पडला हाय इथं."

तिथं, दगडांच्या रांगेच्या बाहेर, शेषरावकाकांच्या शेताच्या बाजूला, गवतावर चुन्याचं एक पांढरं कडं होतं. आत हिरवटपिवळं, दबलेलं, किडे धावणारं गवत. आणि भोवती चुन्याचे ओघळ वाळलेले. थोडं पुढं दुसरं कडं. मग तिसरं. गवतात चंद्रांची एक लांबच लांब रांग होती, आणि आतल्या बाजूला, बैलगाडी सहज वळेल एवढ्या अंतरावर, दगडांची रांग.

दगड जागच्या जागी चुना फासून पांढरे केले होते. चुना ओघळून दगडाभोवती कडं पडलं होतं. आणि मग कोणीतरी दगड उचलून आत सरकवले होते. कडी मात्र तिथंच राहिली होती.

"शेषरावकाका!" चांगुणा कुजबुजली. "त्यायचं वावर इथूनच सुरू होते."

आम्ही पळतच पट्टी ओलांडली, दुसरी बाजू सरळ आहे एवढी खात्री करायला. दुसऱ्या बाजूला निवृत्तीकाकांचं शेत आहे.

आणि तिथंही गवतात चंद्र होते.

४

आता शेषरावकाका आणि निवृत्तीकाका यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. दोघं सख्खे चुलतभाऊ. नदीकडच्या त्यांच्या दुसऱ्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांचं असं वाजलंय की एकमेकांशी बोलणं तर नाहीच, पण एकमेकांच्या शेताकडे बघायचंही नाही असा दोघांचा नियम आहे. शेषरावकाका गायरानातून जातात तेव्हा मान पूर्वेला, आणि निवृत्तीकाका जातात तेव्हा पश्चिमेला. आम्ही पोरी त्यांची नक्कल करतो. मिळून दगड सरकवणं तर सोडाच, हे दोघं मिळून शिंकणारसुद्धा नाहीत.

मग?

मी आधी शेषरावकाकांकडे गेले. मनकर्णाकाकू अंगणात तूर पाखडत होत्या.

"काकू, बाजाराच्या दिवशी काकानं काय आणलं बाजारातून?"

"कायचा बाजार वं माय," काकू सुपातून वर न बघता म्हणाल्या. "म्हणे कंबर धरली. घरीच राह्यले. मी बाजारातून आली त कंबर खरंच धरली होती. शेकून शेकून माह्याच हाताले फोड आले!"

"दुसरं काम नाई का तुले?" घरातून शेषरावकाकांचा आवाज आला. "कोतवालाची नोकरी लागली काय बे हिले!"

निवृत्तीकाकांकडे तर मला काही विचारावंच लागलं नाही. ते ओट्यावर बसले होते, आणि त्यांच्या दोन्ही तळहातांच्या भेगांत पांढरं होतं.

"काका, हाताले काय झालं?"

"ज्वारीचं पीठ हाय." त्यांनी हात धोतरात लपवले.

निवृत्तीकाकांनी उभ्या जन्मात पीठ मळलेलं नाही. पण का? दगड आत सरकवून कोणाला काय मिळतं? विमानाशी त्यांचं वैर असणार नव्हतं. शिबिरात तर शेषरावकाकांच्या आईचं ऑपरेशन होतं.

मी घरी आले आणि बाबांना विचारलं, "बाबा, चुना लावलेला दगड दिसला की तुम्हाले काय वाटते?"

बाबा हसले. "आपल्या गावात? मोजणीवाले आले असं वाटते. रस्ता रुंद केला तेव्हा नाई का, आधी पांढरे दगड आले अन् मग लोकायची वावरं गेली. तेव्हापासून धुऱ्याशी पांढरा दगड दिसला की माणसाले घास जात नाई."

"अन् हे दगड कायचे आहेत हे ओव्हरसियर साहेबानं सांगितलं होतं?"

बाबांचं हसू थांबलं. "मले सांगितलं होतं," ते सावकाश म्हणाले.

"अन् तुम्ही?"

बाबा उठले आणि आधीच पुसलेला कंदील पुन्हा पुसायला लागले.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डोळ्यात मोजपट्टी नसते, कोकिळा. आधी पाहिलेलं आठवून डोळा अंदाज बांधतो. कॅप्टनच्या डोळ्यांना रुंद पट्टी आठवत होती. अरुंद दिसली तर ते म्हणणारच, अजून लांब आहे. डोळे जेवढे चांगले, तेवढी ही चूक पक्की."

"मग हेच साहेबांना सांगू!"

"सांगू. पण गवतातली कडी बघून साहेब म्हणतील, दगड गुराख्यांनी हलवले, आपटल्यानंतर हलवले. कधी आणि कोणी, ते कोण सांगणार?"

दोन म्हातारे. आणि दोघांपैकी एकही तोंड उघडणार नव्हता.

५

चौकशीचे कर्णिक साहेब जाड चष्म्याचे, शांत गृहस्थ निघाले. मी त्यांना ओसरीवर गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं, आणि मग जे करायचं तेही सांगितलं. बाबा म्हणाले, "कोकिळे, साहेबाले शिकवतं काय?" पण साहेब चष्मा पुसत म्हणाले, "शिकवू द्या. आगगाडीत झोप झाली आहे माझी."

सारं गाव गायरानात जमलं. कॅप्टनसाहेब काठी टेकत आले. परवान्याचा खिसा त्यांनी हातानं दाबून धरला होता. शेषरावकाका एका बाजूला पूर्वेकडे मान करून, निवृत्तीकाका दुसऱ्या बाजूला पश्चिमेकडे.

साहेबांनी पट्टी आडवी मोजायला लावली आणि मोठ्यानं म्हणाले, "आखली होती त्यापेक्षा पट्टी फार कमी भरते. विमानाला जागा पूर्ण लागेल. शेषरावांच्या बाजूचे दगड मला बरोबर वाटतात. तेव्हा कमी पडलेली सगळी जागा निवृत्तीरावांच्या शेतातून घ्यावी."

निवृत्तीकाकांची मान गर्रकन फिरली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती पूर्वेकडे फिरली असेल!

"सगळी? माह्या वावरातून? काऊन? म्या त एवढेसे सारले होते, माह्या धुऱ्यापासून जरासे! बाकीचे त्या शेषरावानं सारले असतीन!"

"म्या?" शेषरावकाका कडाडले. "म्या सकाळी सारले तेव्हा तुहे दगड जागच्या जागी होते काय ते म्या पाह्यलं बी नाई! तू काऊन सारले बे?"

"तू काऊन सारले?"

"सरकारचे पांढरे दगड धुऱ्याशी! उद्या वावर गेलं असतं माहं!"

"माहं नसतं गेलं काय मग?"

"तू दुपारी सारले का? म्हणून तू बाजारात दिसला नाई म्हणत होती मनकर्णा!"

"अन् तुही कंबर कायनं धरली होती, सांग!"

आधी हसू फुटलं ते चांगुणाला. मग गाव हसलं. आणि मग एकदम सगळ्यांच्या माना वळल्या, कारण कॅप्टनसाहेब काठी टाकून गवतात बसले होते. लंगडत लंगडत ते त्या चुन्याच्या कड्यापाशी गेले होते आणि त्यावरून बोट फिरवत होते.

"दोन्ही बाजूंनी," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी दगड सरकले होते. म्हणूनच मधोमध बरोबर उतरलो, आणि काही बदललंय असा संशयही आला नाही."

म्हातारे दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळावरची पट्टी, सुजलेला पाय. शेषरावकाका पुढं झाले, पागोटं काढलं आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "साहेब, माहं चुकलं. म्या इमानाले पाडाले नाई सारले."

"आमचं," निवृत्तीकाका मागून म्हणाले.

मग बाबा पुढं आले. "साहेब, दगड कायचे आहेत हे मले ठाऊक होतं. म्या गावाले सांगितलं नाई. लिहायचं असन त माहं नावबी लिहा."

कर्णिक साहेबांनी तिघांकडे पाहिलं. "सगळं लिहीन," ते म्हणाले. "ज्यानं गावाला न सांगता दगड मांडले आणि निघून गेला, त्याचंही. पण वैमानिकाची चूक म्हणून एक अक्षर लिहिणार नाही." मग कॅप्टनसाहेबांकडे वळून म्हणाले, "परवाना खिशातच असू द्या."

मी आनंदानं उडीच मारली. पण कॅप्टनसाहेबांचा हात खिशावरून निघाला नाही. परत येताना ते मला हळूच म्हणाले, "कागद सुटला, पोरी. पण डोळ्यांवर पुन्हा भरवसा कसा ठेवायचा?"



६

शिबिर संपलं त्या दिवशी डॉक्टरांना न्यायला दुसरं विमान आलं. लहान, निळ्या शेपटीचं. ते एका तरुण वैमानिकानं आणलं. दगड आपापल्या कड्यात परत गेले होते. शेषरावकाका एका बाजूनं आणि निवृत्तीकाका दुसऱ्या बाजूनं, स्वतः राखण करत उभे.

कॅप्टनसाहेब काठी टेकत विमानाभोवती दोनदा फिरले. पंखावरून हात फिरवला. मग त्यांनी बाबांना विचारलं, "सरपंच, मुलीला एक चक्कर नेऊन आणू का? कोणीतरी सोबत असलं तर बरं वाटेल."

आई म्हणाली, "नाई म्हणजे नाई." डॉक्टरीणबाईंनी आईकडे पाहिलं. आई रडायला लागली आणि म्हणाली, "कान झाक वं कोकिळे, वर गार असन."

मग काय सांगू! गायरान उताणं झालं. ज्वारी, कापूस, तुरीच्या पट्ट्या, सगळं कोणी वाळत घातलेल्या लुगड्यांसारखं. आमची शाळा काडेपेटीएवढी. ज्ञानगंगा नदी उन्हात चमकत चमकत डोंगराकडे चाललेली, आणि घाटाच्या कडा निळ्या, इतक्या निळ्या की हात लावला तर बोटाला रंग लागेल. मी बोलतच सुटले. ते पाहा आमचं घर, ती पाहा चांगुणाची विहीर, ते पाहा आपलं देऊळ. कॅप्टनसाहेबांच्या कपाळावर घाम होता आणि ते समोर बघत होते, फक्त समोर.

मी मात्र खिडकीला नाक लावून बोलतच होते. मोठी झाल्यावर मी पण हे शिकणार, मग तुम्ही मागं बसा, मग आपण सोनाळ्याकडे जाऊ, तिथं माझी मावशी आहे, तिला वरून हाक मारू...

तेवढ्यात खिडकीबाहेर, माझ्या अगदी शेजारून, एक शेळी धावत गेली. मागून तिची दोन पिल्लं.

मी बोलायची थांबले. शेळीकडे बघितलं, तिच्या पायांखालच्या, माझ्या शेजारी थांबलेल्या गवताकडे बघितलं. मग कॅप्टनसाहेबांकडे बघितलं. त्यांनी दांडा सोडून हात मांडीवर ठेवले होते, आणि ते इतके हसत होते, इतके हसत होते, की त्यांना डोळे पुसावे लागले.